'गेझ'ला मराठीत काय म्हणायचं? नजर, दृष्टी, टक, की आणखी काही?

मी एमए फिल्म स्टडीजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात आमच्या गावच्या कॉलेजात दोन दिवसांचं चित्रपट रसास्वाद शिबिर आहे आणि त्यात मला ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वीचा निबंध मराठीत समजावून सांगायचाय. १९७५ साली 'स्क्रीन' जर्नलमध्ये आलेला, 'मेल गेझ' (सिनेमातलं पुरुषाच्या डोळ्यांनी बाईकडे बघणं) हा शब्द ज्याच्यामुळे सगळीकडे पोचला तो. एमएला थिअरीच्या पेपरात तो चुकत नाही, इंग्रजीत लिहिताना मी गेझ गेझ करत पानंच्या पानं लिहिलीयत, आणि मराठीत पहिल्याच वाक्याला अडकले.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी : मल्वी म्हणते की चित्रपटात तीन प्रकारचं बघणं असतं, कॅमेऱ्याचं, प्रेक्षकांचं आणि पडद्यावरच्या पात्रांचं एकमेकांकडे. हॉलिवूडचा नेहमीचा सिनेमा यातली पहिली दोन लपवतो आणि फक्त तिसरं समोर ठेवतो, त्यामुळे आपण हिरोच्या डोळ्यांनी बाईकडे बघतोय हे आपल्या लक्षातच येत नाही. हिचकॉकच्या १९५४ च्या 'रिअर विंडो'त पाय मोडलेला फोटोग्राफर खिडकीत बसून समोरच्या घरांतली माणसं बघत असतो. त्याची मैत्रीण त्याच्याच खोलीत असते तोवर त्याचं तिच्याकडे फारसं लक्ष नसतं, ती समोरच्या घरात शिरते, म्हणजे त्याच्या बघण्याच्या चौकटीत जाते, तेव्हा कुठे तो तिच्यासाठी कासावीस होतो.

आता शब्द. 'दृष्टी' म्हटलं की दृष्टिकोन आणि दूरदृष्टी आठवते, सगळं उदात्त होऊन जातं. 'टक' म्हणजे नुसतं किती वेळ बघितलं ते. 'कटाक्ष' तर क्षणाचा, आणि आपल्या कवितेत तो बहुतेक बाईच टाकते, म्हणजे बरोब्बर उलटं. माझा कल 'नजर'कडे आहे, 'पुरुषी नजर' हे वर्तमानपत्रांतही येतंच. पण थिअरीचं वजन त्याला पेलेल का?

प्रतिसाद :

पेलेल की. नजर मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, आणि मराठीत इतका मुरलाय की आता परका वाटत नाही. एक सावधगिरी : 'नजर करणे' म्हणजे भेट देणे, नजराणा, हा वेगळा शब्द आहे. अरबीत त्याचा धातूच वेगळा, मराठीत येताना दोघांचं स्पेलिंग एक झालं. त्यामुळे व्युत्पत्ती सांगताना ते दोन एकत्र करू नका. आणि गेझ या शब्दाचाही एवढा धाक बाळगू नका. फ्रेंचमध्ये तत्त्वज्ञ सार्त्र आणि मनोविश्लेषक लाकाँ दोघंही 'रगार' हा एकच रोजचा शब्द वापरतात, इंग्रजीत सार्त्रचा 'लुक' झाला आणि लाकाँचा 'गेझ', ती भाषांतरकारांची निवड. इंग्रजीलाही आपल्यासारखंच चाचपडावं लागलंय.

प्रतिसाद :

अगं पण नजर म्हटलं की पोरं 'नजर लागली' म्हणतील. मीठमोहऱ्या, लाल मिरच्या, काजळाची तीट, सगळं आठवणार. नजर लागते ती मत्सराची, आणि मल्वी बोलतेय वासनेबद्दल आणि सत्तेबद्दल. मला वाटतं नवीन शब्द करावा, 'दृक्सत्ता' किंवा तसलं काहीतरी. पारिभाषिक शब्द थोडा जड असला तरी चालतो, निदान गोंधळ होत नाही.

धागाकर्ती :

काका, 'रगार'ची गोष्ट शिबिरात सांगणार, थँक्यू.

ताई, तुमची शंका मी दोन दिवस डोक्यात घोळवली. तरी दृक्सत्ता नको वाटतंय, त्याचं कारण सांगते. मल्वी 'स्कोपोफिलिया' हा शब्द वापरते, तो आला फ्रॉइडकडून. पण फ्रॉइडने स्वतः लिहिलंय 'शाउलुस्ट', जर्मनमधला साधा शब्द, बघण्याची हौस, बघण्यातलं सुख. इंग्रजी भाषांतरकारांनी त्याला ग्रीक कपडे चढवले आणि तो शब्द एकदम दवाखान्यातला झाला, दुसऱ्या कुणाला तरी जडलेला आजार वाटावा असा. मूळ शब्दात ती हौस आपल्या सगळ्यांचीच आहे. आपल्याकडे 'नेत्रसुख' तयार असताना आपण पुन्हा तीच चूक का करायची?

आणि नजर लागण्याबद्दल. मी आईला फोनवर हा निबंध समजावत होते, शिबिराची रंगीत तालीम म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बघायला येतात तेव्हाची नजर." मग तिने तिचा बघण्याचा कार्यक्रम सांगितला, जो मला आजवर माहीतच नव्हता. हातात पोह्यांचा ट्रे देऊन दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं, पेपरमधला मजकूर मोठ्याने वाचायला लावला, मग डोळे नीट आहेत का बघायला सुई आणि पांढरा दोरा दिला. बाबांचा चेहरा तिने त्या दिवशी बघितलाच नाही, तिला आठवतात ते त्यांचे पाय, उजव्या चपलेचा अंगठा उसवलेला होता. सुईत दोरा ओवून ती तशीच खाली बघत बसली. सहा माणसं तिच्या डोळ्यांची परीक्षा घेत होती आणि ते डोळे वर उचलायची तिला मुभा नव्हती!

मराठीचं व्याकरण बघा ना इथे. मुलगी 'दाखवतात', मुलगा 'बघायला येतो'. कोण बघणार आणि कोण दिसणार याची वाटणी आपल्या क्रियापदांतच झालेली आहे. नजर लागणे, नजर ठेवणे, नजरेत भरणे, नजरेतून उतरणे, नजर वर करून न बघणे, यातलं एकही बघणं साधं नाही, प्रत्येकात ज्याच्याकडे बघितलं त्याचं काहीतरी बरंवाईट होतं. दृक्सत्तेतली सत्ता नजरेत आधीपासूनच आहे. म्हणून मला तो शब्द पाहिजे.

प्रतिसाद :

सगळं पटलं, पण 'दर्शन' सुटलं तुमच्याकडून. आपल्या सिनेमाचं बघणं हॉलिवूडपेक्षा वेगळं आहे, ते नजरेत मावत नाही. 'संत तुकाराम' परत बघा.

धागाकर्ती :

बघितला, काल रात्री, बऱ्याच वर्षांनी. दामले-फत्तेलालांचा, १९३६ चा. (पुण्यात जिथे प्रभात स्टुडिओ होता त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तिथे शिकणाऱ्या मुलांचा मला फार हेवा वाटतो.) तुमचं बरोबर आहे. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस भजनाला बसतात तेव्हा ते जवळजवळ आपल्यासमोर बसलेले असतात, कुणाला चोरून बघतोय असं वाटतच नाही. याला 'फ्रंटॅलिटी' म्हणतात, कलासमीक्षक गीता कपूर यांनी याच चित्रपटावर लिहिताना तो मुद्दा मांडलाय, आणि त्यालाही मराठी शब्द हवाय, मी तूर्तास 'संमुखता' लिहिते. शिवाय दर्शन देव 'देतो' आणि भक्त 'घेतो', म्हणजे जो दिसतो त्याच्याकडे देण्याची ताकद असते. मल्वीच्या मांडणीत बघितल्या जाणाऱ्या बाईकडे नेमकी तीच नसते.

पण म्हणूनच गेझला दर्शन म्हणता येणार नाही. त्याच चित्रपटातली जिजाई बघा. गौरीबाईंनी जी केलीय ती बाई कुणाला दर्शन द्यायला उभी नाही, ती म्हशीचं बघतेय, पोरांचं बघतेय, घरात दाणा आहे का बघतेय. मराठीत 'कुणाचं तरी बघणं' म्हणजे सांभाळणं! हा अर्थ मला कालपर्यंत सुचलाच नव्हता आणि मल्वीच्या तिन्हींमध्ये तो कुठेच बसत नाही. तुकोबा वैकुंठाला जातात आणि ती मागे राहते तेव्हा मला त्या विमानाचं काहीच वाटलं नाही, मी तिच्याकडेच बघत होते.

तर शिबिरासाठी आता असं ठरतंय : गेझ म्हणजे नजर, लुक म्हणजे बघणं, आणि दर्शन हा वेगळा मुद्दा म्हणून दुसऱ्या दिवशी, 'संत तुकाराम' दाखवून झाल्यावर. बाई पडद्यावर बघितली जाण्यासाठीच ठेवलेली असते, त्या गुणाला मल्वीने जो लांबलचक जोडशब्द केलाय त्याच्यासाठी 'प्रेक्षणीयता'. आपण माथेरान-महाबळेश्वरला प्रेक्षणीय स्थळं म्हणतो, तिथे पॉइंट असतात, कठडे असतात, कुठे उभं राहून बघायचं ते आधीच ठरलेलं असतं. बाईला शॉटमध्ये तसंच ठेवतात, मुलांना हे लगेच कळेल.

एक शब्द मात्र अजून अडलाय, 'सूचर'. दोन शॉट असे जोडायचे की प्रेक्षक मधल्या फटीत ओवला जातो आणि जोड दिसत नाही. डॉक्टरांचा आणि शिंप्याचा 'टाका' समोर आहेच, पण टाका तर दिसतो. साडीला फॉल लावताना सुलट बाजूने दिसू नये असा जो बारीक टाका घालतात, त्याला तुमच्याकडे वेगळं नाव आहे का?