चर्चा: समुद्रकाठच्या गावाची नगरपंचायत करून काय साधलं?

खाजणवाला

तालुक्याचं ठिकाण आहे एवढ्याच कारणावरून आमच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. २०१४ मध्ये तालुक्याच्या मुख्यालयांना सरसकट नगरपंचायती द्यायचं ठरलं, त्या लाटेतलं आमचं गाव. (नाव लिहीत नाही. घरपट्टी भरायला तिथंच जायचंय.)

गाव कसं आहे ते सांगतो. पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू, तिच्यामागे सुरूचं बन, मग माड-पोफळीची आगरं, त्यांच्या कडेने जाणारा एकच रस्ता, दोन्ही अंगांना घरं आणि मागे कातळाचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. बाजारपेठ एसटी स्टँडपासून बंदराच्या वळणापर्यंत, चालत दहा मिनिटं. बाकी सहा वाड्या सड्यावर नाहीतर खाडीकाठी. तिथून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून यावं लागतं. याला शहर कुठल्या हिशेबाने म्हणायचं?

कायद्यात शब्द आहे 'संक्रमणक्षेत्र', म्हणजे गावाचं शहर होत चाललेला भाग. आमच्याकडे गावाचं शहर होत नाही, माणसंच शहरात जातात. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. राज्यात असा तिसरा जिल्हा फक्त मुंबई शहर. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, म्हणजे बाप्ये नालासोपाऱ्याला आणि घर सांभाळतायत सासू-सुना.

ग्रामपंचायत असताना वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायच्या. सड्यावरची बाई उठून सरपंचाला तोंडावर विचारायची, नळाला पाणी का नाही म्हणून. आता सतरा नगरसेवक आहेत, ग्रामसभा नाही. जिल्हा परिषदेला आम्ही मत देत नाही, पण मुलं अजून जिल्हा परिषदेच्याच शाळेत जातात. म्हणून माझं म्हणणं: बाजारपेठेपुरती नगरपंचायत ठेवा आणि वाड्यांना परत ग्रामपंचायत द्या.

चिऱ्याची_भिंत

ग्रामसभेच्या आठवणी इतक्या गोड कशा हो? कोरम पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. पुढच्या वेळी चौघे चहा पिऊन ठराव करून मोकळे. आमच्याकडे असंच चालायचं. उठून विचारणारी बाई मी दोनदाच पाहिली. दुसऱ्यांदा तिच्या घरचा दाखला महिनाभर अडकला.

पैशांचंही बघा. शहरी घरकुलाला केंद्र-राज्य मिळून अडीच लाख, ग्रामीणला मूळ रक्कम एक लाख वीस हजार. पूर्णवेळ मुख्याधिकारी असतो, अभियंता असतो. ग्रामसेवकाकडे तर बऱ्याचदा दोन-दोन गावं.

लहान शहर म्हणजे कुचकामी असं समजू नका. वेंगुर्ला बघा, २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती १२,३९२. कचरा घरातच वेगळा करायचा, ओल्यापासून बायोगॅस, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात. जिथं नाक धरून जायचे त्या डेपोचं त्यांनी पर्यटनस्थळ केलं. किती ग्रामपंचायतींना जमलंय हे?

हापूस_पेटी

+१. शिवाय नगरपंचायत झाली की सीआरझेडमधला, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांतला, शहरी भागाचा वर्ग 'सीआरझेड दोन' लागतो. भरतीरेषेपासून दोनशे मीटरांत बांधायचं नाही ही कटकट संपली. जागेला भाव येतो तो यामुळेच.

पुळणीवरची

हापूस_पेटी, हे कुणी सांगितलं तुम्हाला? एजंटानेच सांगितलं असणार, आम्हालाही सांगितलं होतं. २०१९ च्या अधिसूचनेत सीआरझेड दोन म्हणजे शहरी हद्दीतला, पण बहुतांश बांधकाम झालेला भाग. एकूण भूखंडांपैकी निम्म्याहून जास्त बांधलेले हवेत, गटारं, रस्ते, सोयी हव्यात. आगरात चार घरं आणि मधे दीडशे पोफळी असतील तर नुसती पाटी बदलून काही होत नाही.

ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त वस्ती असेल तर भरतीरेषेपासून पन्नास मीटर ना-विकास क्षेत्र, नाहीतर दोनशे. कोकणात हा आकडा गाठणारी गावं शोधायला दिवा घ्यावा लागेल.

मी आगरात दोन खोल्या पाहुण्यांना देते. परवानग्यांसाठी फिरले आहे, त्यावरून सांगते: किनाऱ्याच्या गावाचा अर्धा कारभार गावात होतच नाही. जेटी मेरीटाईम बोर्डाची, मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याची, किनाऱ्यावरच्या बांधकामाचा विषय सागरी किनारा प्राधिकरणाकडे. सरपंच असो की नगराध्यक्ष, समुद्राकडे तोंड केलं की दोघांचे हात सारखेच रिकामे. हर्णै बघा. आजही ग्रामपंचायत, पण पुळणीवर मासळीचा लिलाव सुरू झाला की आमची बाजारपेठ त्यापुढे झोपलेली वाटते.

रापणकार

तुमचा चालू ऱ्हवांदे. आमका रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरसून ओढूच्या मोठ्या जाळ्याची, होडी वर काढूक जागा व्हयी, ती बंधारो घातल्यान गेली. ग्रामपंचायतीत इचारलंव, तर म्हणाले दुसऱ्या खात्याक इचारा. आता नगरपंचायतीत इचारलंव, ते पण तेच सांगतत. फरक इतकोच, आताचो सांगणारो पँटीत शर्ट खोवून सांगता.

खाजणवाला

रापणकारांनी माझंच म्हणणं चार ओळींत मांडलं :)

भिंतसाहेब, घरकुलाचं मान्य. पण उलट बाजूही सांगा ना. केंद्राची ग्रामीण रोजगार हमी गेली, जलजीवन मिशन ग्रामीण भागासाठी म्हणून तेही गेलं. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि एप्रिलमध्ये सड्यावर टँकर. कातळात पाणी ठरत नाही, हे नगरपंचायतीचा बोर्ड लावून बदलत नाही. वेंगुर्ल्याचं कौतुक मलाही आहे, पण ते जुनं बंदराचं शहर, नगरपालिका तिथे मुरलेली. आमच्यासारख्या कालच्या गावाला ते माप लावू नका.

आणि निवडणुका? ओबीसी आरक्षणाच्या घोळात कितीतरी नगरपालिका वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती होत्या. त्याच काळात शेजारच्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. नगरसेवक जाऊ दे, भांडायलासुद्धा कुणी नव्हतं.

चिऱ्याची_भिंत

प्रशासकाचं खरं आहे. त्या काळात आमच्याही गटारांची फाईल कुणी हलवली नाही.

पण तुमची मागणी तशीच्या तशी मंजूर झाली असं धरू. सहा वाड्यांची वेगळी ग्रामपंचायत. उत्पन्न कशाचं? दुकानं, लॉज, बँकांच्या इमारती सगळ्या बाजारपेठेत, म्हणजे मोठी घरपट्टी नगरपंचायतीकडे राहिली. वाड्यांकडे काय उरलं? निम्मी घरं गणपती-शिमग्यालाच उघडतात, पट्टी थकलेली. आज सड्यावरच्या दिव्यांचं वीजबिल कोण भरतं? बाजारपेठ भरते. तुम्ही वाड्यांना मान मिळवून देताय, पण त्यांच्या खिशात हात घालून बघितलंय का?

पुळणीवरची

याचं उत्तर मलाही ऐकायचंय.

खाजणवाला

हा हिशेब केला नव्हता. वाडीवार वसुली आणि खर्च पाहिल्याशिवाय बोलता येणार नाही. पण ग्रामसभा असती तर तिथंच उठून विचारलं असतं.

चिऱ्याची_भिंत

माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा स्टॅम्प. वाडीवार मागा, नाहीतर एकच एकूण आकडा देतील. आला की इथे टाका.

रापणकार

आणि बंधाऱ्याचो खर्च पण मागा. होडी अजून आगरातच उलटी घातलेली आसा.