गाय मेली, आधी इंजेक्शन दिलं होतं, गिधाडांसाठी टाकू की पुरू?

डोंगरकाठ_रायगड: मंडळी जरा घाईत आहे. आमची म्हातारी गाय काल रात्री गेली. पाय सुजलेला, बसली की उठायचीच नाही, म्हणून गावात गुरांना सुया टोचत फिरणारा एकजण आहे त्याच्याकडून परवा सुई मारून घेतली. आमच्याकडे पूर्वी ढोर मेलं की टेपावर नेऊन टाकायचे आणि तासाभरात नुसता सांगाडा उरायचा, मी लहान असताना बघितलंय. मग मधली कितीतरी वर्षं एक गिधाड नाही, टेपावर नुसती कुत्री. आता दोन वर्षं झाली, कड्यावर पाच-सहा परत दिसतायत. भाऊ म्हणतो त्यांनाच टाकू. पण गोठ्यात पाच छोट्या फोडलेल्या बाटल्या मिळाल्या, ३ मिलीच्या, वर डायक्लोफिनॅक लिहिलंय, ते दुखण्या-सुजेवरचं औषध. यावर बंदी आहे ना? मग मिळालं कसं?

गुरांचा_डॉक: अजिबात टाकू नका दादा, पुरा. परवाच टोचलंय म्हणजे अंगात आहेच, दोन-तीन दिवस तरी राहतं ते. गाईला त्रास नाही पण गिधाडाच्या किडन्या बंद पडतात, युरिक ॲसिड साचतं, मेलेलं गिधाड फाडलं तर काळजा-यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर असतो. भरतपूरला ९०च्या दशकात गिधाडं माना टाकून बसलेली दिसायची, सगळ्यांना वाटलं काहीतरी साथ असेल. खरं कारण २००४ला पाकिस्तानातल्या गिधाडांवरच्या संशोधनातून कळलं, हेच औषध.

कोर्टकचेरी: बंदी आहे, २००६ पासून, पण फक्त जनावरांच्या औषधावर. माणसाचं चालूच राहिलं ना, गुडघे तुमचे आमचे पण दुखतात. मग काय, माणसांची ३० मिलीची मोठी बाटली घ्यायची आणि गाईला टोचायची, सोप्पं. म्हणून २०१५ला सरकारने सांगितलं की माणसासाठी एका डोसचीच बाटली, ३ मिली. कंपन्या मद्रास हायकोर्टात गेल्या आणि २०१७ला हरल्या. तुमच्या गोठ्यात पाच बाटल्या का सापडल्या ते आता कळलं असेल, एका गाईला तेवढ्या फोडाव्या लागतात. महाग आणि कटकटीचं व्हावं हाच हेतू होता, तरी लोक फोडतातच. बरं एक बंद केलं की दुसरं येतं, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही तसलीच औषधं जनावरांसाठी २०२३ला बंद केली, निमेसुलाईड २०२४च्या शेवटी.

पांढरीचा_पाटील: एका गाईने काय होतंय राव, उगाच खड्ड्याचा खर्च. गिधाडं उपाशी राहतील त्याचं काय?

गुरांचा_डॉक: पाटील, तिथंच तर गोम आहे. एका मढ्यावर पन्नास-पन्नास गिधाडं बसतात. हिशोब मांडला तेव्हा दिसलं की शंभरात एक मढं जरी असं निघालं तरी सगळी जमात खलास व्हायला पुरतं. आणि झालंच तसं, पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ मध्ये ९९.९ टक्के गेलं. वर्षाला एकच अंडं, पिल्लू वयात यायला पाच वर्षं, भरून कसं निघणार? हरियाणात पिंजोरला गिधाडं पिंजऱ्यात वाढवतायत पण सोडायचं कुठे, जिथली मढी साफ आहेत तिथेच ना. खायला घालायचंच असेल तर औषध न दिलेलं ढोर टाका, नाशिककडे हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखातं तसंच टाकतं.

रानफूल_ताई: दादा पुढच्या वेळी मेलॉक्सिकॅम मागा, सुजेवर तेही चालतं आणि गिधाडाला काही होत नाही. चिठ्ठीवर नाव वाचूनच टोचू द्या.

डोंगरकाठ_रायगड: पुरली. जेसीबी मिळाला म्हणून झालं, नाहीतर कातळात कुदळ चालत नाही. भाऊ अजून धुसफुसतोय. मग त्या सुईवाल्याला गाठून विचारलं मेलॉक्सिकॅम का नाही देत, तर म्हणाला त्याने जनावर लगेच उठत नाही, मग लोक म्हणतात याच्या हाताला गुण नाही आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतात.