सेकिहान (जपानी लाल भात) दोनदा फसला, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. लेक तीन वर्षांची झाली, १५ नोव्हेंबरला तिचं शिचि-गो-सान. तीन, पाच, सात या वयांच्या मुलांना त्या सुमारास देवळात नेतात. ती जन्मली तेव्हा शेजारच्या आजी डबाभर सेकिहान घेऊन आल्या होत्या, वर काळे तीळ नि मीठ. बाळंतपणात काही गोड लागत नव्हतं, पण तो डबा मी एकटीने संपवला. यंदा माझ्या हातचा डबा त्यांच्या घरी जावा अशी फार इच्छा आहे.

मी असं केलं: तीन गो (साधारण ४५० ग्रॅम) मोचिगोमे, म्हणजे चिकट तांदूळ, आणि ७० ग्रॅम अझुकी, म्हणजे छोटं लाल कडधान्य. अझुकी रात्रभर भिजवून शिजवली. तिच्या लाल पाण्यात तांदूळ दोन तास ठेवले आणि मोदकपात्रात फडक्यावर पसरून ४० मिनिटं वाफवले. अझुकीचे दाणे फुटले, रंग जेमतेम गुलाबी आला आणि भातात कणी राहिली. दुसऱ्यांदा तासभर वाफवला, तरी कणी तशीच. कुठे चुकतंय? आणि अझुकीऐवजी आपली लाल चवळी चालेल का?

प्रतिसाद

ताई, अझुकी भिजवू नका. कडधान्य म्हटलं की आपला हात भिजवायलाच जातो, मीही हेच करायचे. अझुकी एका टोकाकडूनच पाणी पिते. आतला गर आधी फुगतो आणि साल फाटते. कोरडीच धुऊन एक उकळी आणा, ते तुरट पाणी फेका, मग नव्या पाण्यात मंद आचेवर शिजवा. बोटचेपी व्हायच्या जरा आधीच उतरवा, पुढे वाफेवर शिजतेच.

रंगासाठी ते दुसरं पाणी पळीने उंचावरून पुन्हा पुन्हा ओता. हवा लागली की लाली चढते. गार झाल्यावर तांदूळ रात्रभर त्यातच राहू द्या.

कणी राहते ती पाण्यावाचून. हा तांदूळ भिजताना जेवढं पाणी पितो तेवढ्यात पुरता मऊ होत नाही, मग कितीही वाफवा. उरलेलं लाल पाणी टाकू नका. त्यात चिमूटभर मीठ घालून, वाफवताना दोन-तीनदा हबका मारा आणि हलक्या हाताने खालीवर करा. तांदूळ पसरताना मधे खळगा ठेवा, वाफ वर यायला वाट मिळते.

चवळी अगदी चालेल. टोकियोकडे ससागेच घालतात, आणि ससागे म्हणजे चवळीच. अझुकीचं पोट फुटतं, ते सामुराईंच्या सेप्पुकूसारखं (पोट चिरून घेण्यासारखं) म्हणून एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, अशुभ मानत. ससागेची साल टणक, सहसा फुटत नाही. शेजारच्या आजी मूळच्या तिथल्या असतील तर त्यांच्या घरीही बहुधा तीच असेल.

डब्यात वर नानतेन नावाच्या झाडाचं पान ठेवा. नावाचा उच्चार ‘संकट उलटवणे’सारखा आहे, म्हणून शुभ.

धागाकर्ती

खूप आभार! आज हबका मारून केला, कणी अजिबात नाही. लाल रंगही बराच आला. अझुकीचे थोडे दाणे अजून फुटलेत, म्हणून चवळी आणून ठेवली आहे. नानतेनचं झाड आजींच्याच कुंपणाला आहे. त्यांच्याकडेच पान मागू का, की बाजारातून आणू?