गुरुत्वाकर्षण मोजता येतं हे ठीक, पण ते कमी करता येईल का?

तिरपा_बाण

सुपरकंडक्टरची, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या पदार्थाची, थंड थाळी वेगाने फिरवली, की तिच्या वर टांगलेल्या वस्तूंचं वजन दोन टक्क्यांपर्यंत उतरतं, असा एक दावा वाचला. करणारा रशियन संशोधक पोदक्लेत्नोव, काळ १९९० नंतरचा. खालच्या प्रतिक्रियांत कोणी म्हणतंय हे दडपून टाकलं. कोणी म्हणतंय गुरुत्वाकर्षण ओढत नाहीच, आपल्याला चहूबाजूंनी ढकललं जातं. माझं भौतिकशास्त्र बारावीपर्यंतचं. हे बल किती नेमकं मोजता येतं, त्यात फेरफार होतो का, आणि त्या ढकलण्यात काही दम आहे का? टिंगल नको, प्लीज.

दगडधोंडी

टिंगल कशाला, प्रश्न रास्त आहे. ग्रॅव्हिमीटर, म्हणजे गुरुत्व मोजायचं यंत्र, घेऊन रानोमाळ हिंडणं ही माझी नोकरीच, त्यामुळे मोजण्याबद्दल जरा लांबण लावते.

आमचं गुरुत्व त्वरणाचं एकक गॅल, गॅलिलिओच्या नावावरून; एक गॅल म्हणजे १ सेंमी प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीवर विषुववृत्ताला साधारण ९७८ गॅल, ध्रुवांवर ९८३. रोजच्या कामात आम्ही मिलिगॅलमध्ये बोलतो आणि भांडतो मात्र मायक्रोगॅलवरून, म्हणजे गॅलच्या दहा लाखाव्या भागावरून. यंत्र एक मीटर वर उचललं तर रीडिंग सुमारे ३०९ मायक्रोगॅलने घटतं. म्हणून तिवईची उंची मिलिमीटरपर्यंत वहीत टिपायची. चंद्र-सूर्याच्या ओढीने दिवसभरात शे-दोनशे मायक्रोगॅल सहज हलतात, ते हिशेब करून काढायचे. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने चढला तरी ०.३ मायक्रोगॅलच्या आसपास फरक पडतो, कारण डोक्यावरची हवाही ओढते! पाऊस पडून गेला की मुरलेलं पाणी रीडिंगमध्ये उतरतं. शिवाय आतली स्प्रिंग हळूहळू सैलावते, म्हणून ड्रिफ्ट, म्हणजे त्यामुळे सरकलेलं रीडिंग, काढायला पुन्हा पुन्हा बेस स्टेशनला, म्हणजे ठरलेल्या एकाच जागी परत. उन्हातान्हात हे केल्यावर कोणी ‘गुरुत्व मोजताच येत नाही’ म्हटलं, की माझं डोकं फिरतं.

आता ते दोन टक्के. ९८० गॅलचे दोन टक्के म्हणजे जवळपास २० गॅल, दोन कोटी मायक्रोगॅल. विषुववृत्तावरून ध्रुवावर गेलात तरी पाचच गॅल बदलतात. माझ्या यंत्राची सगळी रेंज आठ गॅलची, ते हात वर करेल. इतका ढळढळीत परिणाम खरा असता तर दुसऱ्या कोणालाही सहज दिसला असता. इतरांनी प्रयत्न केले, नासानेही हात घातला, पण दावा कोणालाच सिद्ध करता आला नाही. १९९६ सालचा पोदक्लेत्नोवांचा शोधनिबंध तर छापण्याआधीच मागे घेतला गेला. फिरती थाळी, चुंबकं, हेलियमची वाफ, कंपनं, एवढ्या गोंधळाशेजारी तराजू ठेवला की तो काहीही बोलतो.

चिमटा

पण बेडूक तरंगवला होता की! १९९७ साली, १६ टेस्लाच्या चुंबकात. तो तरंगवणाऱ्या आंद्रे गाइमना पुढे ग्राफिनसाठी, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरासाठी, नोबेल मिळालं, म्हणजे माणूस फालतू नव्हता.

दगडधोंडी

@चिमटा, माणूस फालतू नव्हताच आणि प्रयोगही नव्हता. पण बेडकाचं वजन तसूभरही घटलं नाही. शरीरातलं पाणी चुंबकापासून किंचित दूर सरू पाहतं, तेवढ्यावर तो तोलला गेला. अख्खा चुंबक काट्यावर ठेवला असता तर बेडकाचं वजन त्यात धरलेलं दिसलं असतं. उचलून धरणं वेगळं, गुरुत्व कमी करणं वेगळं.

प्रोटॉनपंत

थोडी भर. विजेचे प्रभार दोन प्रकारचे, म्हणून तिला अडवणारी धातूची पेटी बनवता येते. वस्तुमान एकाच प्रकारचं, आडपडदा कशाचा करणार? प्रतिपदार्थ, म्हणजे नेहमीच्या कणांच्या उलट प्रभाराच्या जुळ्यांचा पदार्थ, कदाचित वर ‘पडेल’ ही एक आशा होती. २०२३ साली सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या अल्फा गटाने प्रतिहायड्रोजनचे अणू सोडून पाहिले, ते खालीच पडले.

तिरपा_बाण

धन्यवाद. ढकलण्याचं राहिलं.

दगडधोंडी

ती कल्पना जुनी आहे, आणि मला आवडते. १६९० साली फातिओने आणि अठराव्या शतकात ले साजने मांडली. अवकाशात सगळीकडून बारीक कण आदळत असतात, दोन वस्तू एकमेकींच्या आडोशाला येतात, म्हणून जवळ ढकलल्या जातात. अंतराच्या वर्गाचं व्यस्त प्रमाणसुद्धा त्यातून बरोबर निघतं! फसते ती पुढे. एवढ्या माऱ्यातून जाणाऱ्या ग्रहांना अडथळा होऊन ते मंदावायला हवेत, आणि कण शोषले गेले तर पृथ्वी तापून वाफ व्हायला हवी. मॅक्सवेल आणि प्वांकारेंनी हे हिशेब मांडून तिला निकालात काढलं.

वेगळं स्पष्टीकरण हवं तर ते १९१५ पासून आहेच. आइनस्टाइनच्या मते हे बलच नाही, अवकाशकाळाची वक्रता आहे. त्या हिशेबाने मी उभी असते तेव्हा जमीन मला वर ढकलत असते, म्हणजे तुमचे ढकलवादी चुकत माकत अर्धे बरोबर! जीपीएस उपग्रहांची घड्याळं दुबळ्या गुरुत्वामुळे रोज ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात, उरलेले ३८ सुधारून घ्यावे लागतात. मिलग्रोम यांचा १९८३ चा मॉन्ड हा आकाशगंगांच्या कडांपुरता न्यूटनचा नियम बदलायचा प्रस्ताव. त्यावर गंभीर वाद चालू आहे, पण त्यातूनही थाळी फिरवून वजन उतरत नाही.

तिरपा_बाण

शेवटचं, ताई. ग्रॅव्हिमीटर नसताना मला काही तपासता येईल?

दगडधोंडी

येईल की. एक मीटर दोऱ्याचा लोलक, १०० झोके (जाऊन परत आला की एक), साधारण २०० सेकंद लागतात. लांबी टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा, तिथे एक मिलिमीटर चुकलं की उत्तर एक गॅलने बिघडतं. गुरुत्व दोन टक्क्यांनी घटलं तर झोका एक टक्का लांबतो, म्हणजे तेच १०० झोके २०२ सेकंदांवर जातील. दोन सेकंद मोबाइलच्या स्टॉपवॉचवरही कळतात. कोणी थाळी फिरवून दाखवायला तयार झालंच तर तिच्या वर हा लोलक टांगा. गोळा मात्र काचेचा घ्या, धातूचा नको, खाली चुंबकं असतात.