हिरो भेटला की हिरोईनचं काम कुठे जातं? रोमान्स वेबटून वाचणाऱ्यांनी सांगा

सुरंगीचो_वळेसर
आधीच सांगते, मी हेटर नाही. लॉकडाऊनपासून वेबटून, म्हणजे फोनवर खाली सरकवत वाचायच्या चित्रकथा, वाचतेय, रोज रात्री जेवणं आवरली की पडवीत बसून, कारण आमच्याकडे रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात येते आणि आई म्हणते डास चावून घ्यायची हौस आहे हिला.

तर गेल्या महिन्यात एक नवीन धरलं. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण अशी अजून वीस सापडतील. पोरगी बेकरी चालवते. पहिले दहा एपिसोड इतके मस्त की काय सांगू, पहाटे चारला उठून पीठ मळते, ओव्हन ऐनवेळी बंद पडतो, उधारी मागणारा दारात उभा आणि ही त्याच्याच हातात गरम पाव देऊन त्याला वाटेला लावते. मग येतो हिरो. काळा सूट, कंपनीचा वारस, हसायचं नाही अशी शपथ घेतलेला. आणि विसाव्या एपिसोडनंतर बेकरी गायब! शटर कोण उघडतं, पीठ कोण मळतं, उधारी फिटली का, कोणाला पडलेलं नाही. ती आता फक्त त्याच्या मेसेजची वाट बघते.

वर तो मनगट धरून ओढत नेण्याचा सीन. स्क्रोल करताना आधी नुसता हात दिसतो, मग लांबलचक पांढरी जागा, मग तिचे गुलाबी गाल. आमच्या मासळी बाजारात कोणी असं मनगट धरलं असतं तर मावश्या विळी सोडून उठल्या असत्या. बरं, आपण चिडणार हे लेखकाला माहीत असतं, म्हणून पुढच्याच एपिसोडला त्याचं लहानपण. मोठा बंगला, एकटं पोर, बाहेर पाऊस. झालं, माफ!

मलाच असं वाटतं का? आणि जिचं काम शेवटपर्यंत टिकतं अशी एखादी असेल तर सुचवा.

देवगडचो_झील
गजाल खरी आसा गो. पण माका जास्त राग येता तो गैरसमजांचो. आता नीट मराठीत लिवतंय, नायतर कोणाक कळाचा नाय.

तिने त्याला दुसऱ्या मुलीबरोबर बघितलं, ती मुलगी त्याची बहीण निघाली, आणि हे कळायला तीस एपिसोड. आठवड्याला एक धरला तर सात महिने झाले की! आंब्याला मोहोर येऊन, पेट्या भरून, वाशीला जाऊन, पैसे पण येतात तेवढ्यात. आमच्या आवाठात असा गैरसमज संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, कोणीतरी येऊन सांगतंच. हां, आमच्या घरात दोन काका बारा वर्षं बोलत नाहीत ते खरं, पण ते बांधावरच्या कलमावरून, आणि दोघांनाही सगळं व्यवस्थित माहीत आहे. तसं भांडण दाखवा की, मी रात्रभर वाचेन.

बाकी सेकंड लीड, म्हणजे हिरोईनवर प्रेम करणारा दुसरा मुलगा, नेहमी चांगला असतो आणि नेहमी हरतो. तो पावसात छत्री आणतो, ती भिजत दुसऱ्याकडे जाते.

काळी_शाई
रत्नागिरीत बसून थोडंफार डिजिटल काम करते, म्हणून दुसरी बाजू सांगते. आठवड्याला पन्नास-साठ पॅनेल (चित्रांच्या चौकटी) काढायची म्हणजे काय ते एकदा बसून बघा. चेहरा, मागे नुसता रंग, दोन चमचमते ठिपके, हे पटकन होतं. पीठ मळणारे हात, ओव्हनचं दार, ट्रे, मागची भिंत, यात दिवस जातो. सुरुवातीचे एपिसोड आधीपासून तयार ठेवलेले असतात म्हणून त्यात बेकरी सुंदर दिसते. नंतर दर आठवड्याची डेडलाइन लागते आणि बेकरी गळते. मनगटाचं समर्थन करत नाही हां, ते लिहिणाऱ्याचं आळशीपण.

आणि गैरसमज लांबतात कारण पुढचे एपिसोड कॉइन (ॲपवर पैसे देऊन घ्यायची नाणी) देऊन आधी वाचता येतात, मग शेवटच्या पॅनेलला दार अर्धं उघडं ठेवावंच लागतं. ‘ट्रू ब्यूटी’ या कोरियन वेबटूनचंच बघा, २०२०च्या डिसेंबरमध्ये त्याचा ड्रामा, म्हणजे टीव्ही मालिका, सुरू झाला, सोळा भागांत आटोपला, आणि मूळ वेबटून त्यानंतरही चालूच राहिलं. पण त्यातल्या हिरोईनचं, जुग्योंगचं, मेकअप मला आवडतं, कारण ते तिचं कौशल्य आहे, व्हिडिओ बघून हात बसवलेला, नुसती सजावट नाही.

पेज_आणि_लोणचं
‘लोर ऑलिंपस’ या ग्रीक देवांवरच्या वेबटूनचं नाव अजून कसं कोणी काढलं नाही? २०१८ ते २०२४ चाललं, २०२२ला आयझनर हे कॉमिक्सचं मोठं बक्षीस पण मिळालं. रंगांसाठी मी त्याला दहापैकी दहा देते, हिरो हेडीस निळा, हिरोईन पर्सेफनी गुलाबी, दोघं एका पॅनेलमध्ये आले की शब्द नसले तरी कळतं कोणाचं मन कुठे आहे. पण ती एकोणीस वर्षांची आणि तो हजारो वर्षांचा राजा, वर तिच्या वयावर सगळे हळहळतात आणि गोष्ट पुढे चालू, ते मला शेवटपर्यंत खटकलं. अपोलोने तिच्यावर केलेला अत्याचार मात्र लेखिकेने सोडून दिला नाही, ती बोलायला किती वेळ घेते ते दाखवलंय. तिथे लांबण खरी वाटते. मधला भाग मात्र पाणी घातलेल्या सोलकढीसारखा.

आणि शेवट आधीच माहीत असतो अशी एक नेहमीची तक्रार असते, ती मला मान्य नाही. जत्रेत दशावतार बघायला आपण रात्रभर थंडीत बसतो, आख्यान सगळ्यांना पाठ, तरी उठत नाही. कारण संवाद लिहिलेले नसतात, समोरचा काय उत्तर देईल ते त्या रात्रीच कळतं. इथे हिरोईन काय उत्तर देणार ते मला तिच्याआधी माहीत असतं. गप्प बसणार, ओठ चावणार.

सुरंगीचो_वळेसर
काळी_शाई ताई, हातांचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, आता वाईट वाटतंय. झील, छत्रीवाल्याबद्दल शंभर टक्के.

काल रात्री लाईट गेली म्हणून फोनच्या शेवटच्या बारा टक्क्यांवर चाळिसावा एपिसोड वाचला. बेकरी दिसली! दोघं गाडीतून जातात तेव्हा मागे, खिडकीच्या काचेत, शटर खाली. तिने बघितलं पण नाही.

अजून कोणी सुचवलं नाहीये पण. मी वाट बघतेय.