अवघड ध्येय, पण कोणत्या कामासाठी?

'ध्येय अवघडच ठेवावं, सोप्याने माणूस सुस्तावतो' हे नेहमी ऐकू येणारं म्हणणं मला अर्धंच पटतं. ध्येयांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि गॅरी लेथम हेच सांगतात, फक्त ध्येय अवघड असण्याबरोबर नेमकंही हवं म्हणतात.

लेथम यांचा अमेरिकेतल्या ओक्लाहोमातला अभ्यास (१९७५) मला फार आवडतो. लाकूड वाहणारे ट्रक कायद्याने चालणाऱ्या वजनाच्या जेमतेम ६० टक्के भरून निघत. 'जमेल तेवढं भरा' एवढंच सांगितलेलं. मग ९४ टक्के हा आकडा ठरवून दिला आणि यथावकाश भरती ९० च्या आसपास पोचली. जादा पैसे नाहीत, काही नाही. मध्ये एकदा आकडा चांगलाच घसरला. नाही गाठला तर साहेब खरंच शिक्षा करतात का, हे ड्रायव्हर बहुधा चाचपून बघत होते! शिक्षा झाली नाही, आणि भरती पुन्हा वाढली.

पण ट्रक भरायला त्यांना आधीपासून येत होतं ना. कान्फर आणि अकरमन या मानसशास्त्रज्ञांनी (१९८९) विमानतळावरच्या वाहतूक नियंत्रणाचं नकली काम नव्याने शिकणाऱ्यांना सुरुवातीलाच अवघड आकडा दिला, तर कामगिरी बिघडली. शिकायला लागणारं लक्ष आकडा सांभाळण्यातच खर्च होतं. त्यामुळे नव्या सेल्सवाल्याला पहिल्याच महिन्यात टार्गेट देणं मला उफराटं वाटतं. त्यापेक्षा 'गिऱ्हाइकाशी बोलायच्या तीन वेगळ्या तऱ्हा करून बघ' हे ध्येय द्यावं, विक्रीचा आकडा नंतर.