मुलगी सगळ्यालाच "करते" जोडते, मराठी क्रियापदं कशी शिकवायची?

ओवीची_आई
नमस्कार मंडळी, आम्ही बंगळुरूला असतो, मुलगी साडेतीन वर्षांची, घरात आम्ही दोघंही मराठीच बोलतो. वस्तूंची नावं तिला भरपूर येतात, कंगवा, उशी, झाकण, कोथिंबीरसुद्धा ओळखते, पण क्रियापद आलं की इंग्रजी शब्द उचलायचा आणि त्याला करणे जोडून मोकळं व्हायचं. "आई ॲपल कट कर", "मी हँड वॉश केले", "बाबा बॉल थ्रो कर ना", दिवसभर हेच. प्लेस्कूलमध्ये ॲक्शन वर्ड्सचा चार्ट आहे, रन, जंप, स्लीप, ईट, तो तोंडपाठ आहे तिला. मग मी मराठी फ्लॅशकार्डं मागवली, तर धावणे दाखवलं की म्हणते "मुलगा", झोपणे दाखवलं की म्हणते "बेड". सासूबाई म्हणतात येईल आपोआप, आणि नवरा म्हणतो आपण तरी कुठे कापतो, आपणही कटच करतो :) कुणी काही करून पाहिलंय का?

बालवाडीताई
ताई, ती बरोबरच सांगतेय की! कार्डावर धावणं नाहीच आहे, एक पाय वर केलेला मुलगा आहे, धावणं तुम्हाला दिसतं कारण तुम्हाला ते आधीपासून माहीत आहे. कार्डं ठेवा कपाटात, वाचायला लागली की काढा. आमच्या वर्गात आम्ही क्रियापदं बसून शिकवतच नाही. "शिवाजी म्हणतो" सगळ्यांना माहीत असेल, शिवाजी म्हणतो बसा, शिवाजी म्हणतो गिरकी घ्या, शिवाजी म्हणतो वाका, फक्त एवढ्या लहान पोरांना चुकल्यावर बाद करायचं नाही, नाहीतर ज्याला सरावाची गरज तोच भिंतीला टेकून बसतो. सुरुवातीला तुम्ही स्वतः करून दाखवा, मग हळूच हात मागे बांधून नुसतं बोला, तेव्हा कळतं खरं कुणाला समजलंय आणि कोण तुमची नक्कल करतंय. आणि मग तिला शिवाजी होऊ द्या, हुकूम सोडायला मिळाला की तोंडातून क्रियापद निघतंच.

दुसरं म्हणजे एकच क्रिया वेगवेगळ्यांकडून दिसू दे. बाहुली झोपली, बाबा झोपले, मांजर झोपलं, तो "ली, ले, लं"चा फरकही त्यातच कानावर जातो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ ला बोर्डीत बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडला नेली, तिथे साहित्य म्हणजे आसपासचे शिंपले, बिया, गोटे. चिंचोके आणून ठेवा ओ घरात, वेचायचे, मोजायचे, वाटीतून वाटीत ओतायचे, सांडले की पुन्हा गोळा करायचे, पाच क्रियापदं तिथेच झाली.

सोलापूरकर
मला यात प्रॉब्लेमच दिसत नाही. सुरू करणे, माफ करणे, जमा करणे, कबूल करणे, हे काय आपल्या आजीने बनवलं होतं का, फारसी-अरबीतून शब्द आला आणि आपण त्याला करणे लावून टाकलं. पोरगी तेच करतेय. व्याकरण तर पक्कं आहे तिचं, "हँड वॉश केले" म्हणते, "केलं" नाही, हात अनेकवचनी आहेत हे कळतंय की तिला.

ओवीची_आई
@सोलापूरकर फोन करणे, चार्ज करणे याला माझं काहीच म्हणणं नाही हो, पण कापणे, चिरणे, सोलणे, तासणे या सगळ्याला एकच "कट" होतंय ते मला खटकतंय. आजोळी गेली की आजी काय सांगतेय तेच कळत नाही तिला.

निमूट_वाचक
लहान मुलांच्या भाषेच्या क्षेत्रात काम करतो म्हणून थोडं लांबलचक लिहितो. नावं आधी आणि क्रियापदं नंतर हे पुष्कळ मुलांमध्ये दिसतं, मानसशास्त्रज्ञ डेड्रे गेंटनर यांनी १९८२ मध्येच यावर लिहिलंय, वस्तू समोर टिकून राहते, क्रिया होते आणि संपते. पण पुढे कोरियन आणि चिनी मुलांवर काम झालं तेव्हा दिसलं की तिथे क्रियापदंही लवकर येतात, आणि त्याचं एक कारण असं दिलं जातं की तिथल्या आया बोलताना नाव गाळतात आणि क्रियापद ठेवतात. आता मराठी बघा, "खाल्लंस? झालं? ठेव. आण बघू. पडशील!" नुसत्या क्रियापदावर वाक्य होतं आणि मोठ्या वाक्यातही ते बहुतेक शेवटी येतं. म्हणजे आपली भाषा या बाबतीत सोयीची आहे, पण शिकलेले आईबाप पुस्तक उघडून "हे काय आहे? आणि हे काय आहे?" करत बसतात, उत्तरात नावंच येणार ना! त्याऐवजी "हा काय करतोय? आता काय करेल?" विचारा.

आणि वेळेचं सांगतो, हे फार कमी लोक करतात. टोमासेलो आणि क्रूगर या संशोधकांचं १९९२ चं काम आहे, त्यात क्रिया चालू असताना शब्द सांगण्यापेक्षा क्रिया होण्याच्या जरा आधी सांगितला तर मुलं तो जास्त चांगला शिकली. म्हणजे मटार सोलून झाल्यावर "बघ, सोलला" नाही. शेंग हातात धरा, थांबा, तिच्याकडे बघा, "आता सोलू?" म्हणा, आणि मग टचकन उघडा.

काळजीचं म्हणाल तर ती जोडून वाक्यं बोलतेय, सांगितलेलं ऐकतेय, तर नाहीये. साध्या सूचना कळत नसतील तर मात्र वाट न बघता स्पीच थेरपिस्टला दाखवावं.

नाशिकची_आजी
अगं स्टुलावर उभी कर तिला ओट्यापाशी, सुरी लांब ठेव आणि मेथीची जुडी दे. मेथी निवडायला बसली की पान खुडायचं, काडी टाकायची, माती झटकायची, मग पाण्यात बुडवायची, निथळायची. पोळ्या करताना कणीक भिजवायची, मळायची, तिंबायची, लाटायची, तिच्या गोळीचा नकाशा झाला तरी तो भाजायचा आणि तूप लावून तिलाच खायला द्यायचा. कोण म्हणेल मग रोल कर? मात्र तुम्ही स्वतः "मिक्स कर" म्हणणं बंद करा आधी, ढवळ म्हणा, कालव म्हणा.

आमचा नातू चार वर्षांचा, दिवसभर आई नि मी, तर तो "मी येते, मी जाते" म्हणायचा. कुणी हसायचं नाही असं बजावलं आणि आजोबांबरोबर रोज बागेत धाडला, तिथून "मी येतो" आणला. आणि "मी करली" म्हणाली तर रागवू नकोस गं, पडली, धरली, सरली तशी करली, डोकं चालवतंय लेकरू. तू आपली "हो, छान केलीस" म्हण नि पुढे जा.

ओवीची_आई
आजी, कालव हा शब्द मीच कित्येक वर्षांत वापरला नव्हता! काल मेथी दिली तिला, निम्मी पानं कचऱ्यात आणि काड्या भांड्यात, पण "खुडते" म्हणत होती खरी. शिवाजी म्हणतो पण खेळलो, शेजारची कन्नड मुलं आली, त्यांना "बसा, उठा" लगेच जमलं, आणि आता ओवी नवऱ्याला ऑफिसच्या कॉलमध्ये "शिवाजी म्हणतो नाच" सांगते. एक विचारायचं राहिलं, प्लेस्कूलच्या चार्टबद्दल टीचरशी बोलू का?

बालवाडीताई
चार्ट राहू द्या, तिथलं इंग्रजी तिथे येऊ दे, त्याच्याशी भांडण नाही. फक्त घरी मराठी बोलतो आणि तसंच चालू ठेवणार आहोत हे टीचरच्या कानावर घाला, नाहीतर "घरी इंग्लिश बोला" असा निरोप येतो आणि आईबाप घाबरून बदलतात. नवऱ्याला म्हणावं नाचून घ्या, कॅमेरा बंद करून.